जमिनीवरून उठणारा पाय



तुमच्या गावात लग्नाची पंगत अजून जमिनीवर बसत असेल, तर पुढच्या वेळी जेवण आटोपल्यावर जरा थांबा आणि माणसे उठतात कशी ते बघा. पोरेसोरे टुणकन उभी राहतात, त्यांचे सोडा. पण पन्नाशीचा एखादा गडी निरखून पाहा. तो आधी अंग पुढे घेतो, एक गुडघा जमिनीला टेकतो, दुसरे पाऊल पुढे रोवतो, त्या मांडीवर तळहात दाबतो आणि "पांडुरंग, पांडुरंग" करीत वर येतो. सत्तरीच्या आजीबाई तेच करायला जातात, पण निम्म्यावर अडतात आणि शेजारणीचा हात शोधतात. ज्यांना तेही जमत नाही, ती माणसे हल्ली पंगतीला बसतच नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीकडेला खुर्च्या मांडलेल्या असतात.

एक गुडघा खाली, एक पाऊल पुढे आणि त्या पुढच्या पायाच्या जोरावर सारे शरीर वर. आज मी तुमच्यापुढे इतिहास सांगणार आहे तो ह्याच एका हालचालीचा. व्यायाम म्हणून ती करतात तेव्हा इंग्रजीत तिला लंज म्हणतात, आणि शहरातल्या व्यायामशाळांत मराठी मुलेही आता 'लंजेस मारतो' असेच म्हणतात. आपल्याकडे तिला सगळीकडे चालणारे एक नाव नाही. मी आपला सोयीसाठी 'पाऊल-बैठक' म्हणतो. साधी बैठक दोन्ही पायांवर सारखी पडते. ही एकाच पायावर जास्त पडते, एवढा फरक ध्यानात ठेवा.

ह्या हालचालीचे जुने घर व्यायामशाळेत नाही, तलवारीच्या आखाड्यात आहे. युरोपात सोळावे शतक संपता संपता तलवार हलकी, अरुंद आणि टोकदार होत गेली. वार करण्यापेक्षा भोसकण्याला महत्त्व आले. मग प्रश्न आला, की आपण दूर राहून टोक मात्र शत्रूपर्यंत पोचवायचे कसे? उत्तर पायात होते. मागचा पाय जागेवर ताणून धरायचा, पुढचा पाय एकदम लांब टाकायचा, गुडघा वाकवायचा आणि त्याच क्षणी हात सरळ करायचा. वार झाला की पुढच्या टाचेने जमीन ढकलून परत मागे. इटलीतल्या निकोलेत्तो जिगान्ती ह्या वस्तादाने 1606 साली व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात ही रीत नीट उलगडून सांगितली, आणि 1610 साली काप्पो फेर्रो ह्या दुसऱ्या वस्तादाने ती चित्रांतून दाखवली. फ्रेंच भाषेत लांब करणे, ताणणे ह्या अर्थाचा 'आलाँजे' असा शब्द आहे; त्यावरूनच इंग्रजांनी 'लंज' केला.

आपल्या दांडपट्ट्यातही पाय असेच बोलतात, हे ज्यांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवणारा वस्ताद पाहिला आहे त्यांना सांगायला नको. लेझमीतल्या 'पवित्र्या'त मुले पाऊल पुढे टाकून वाकतात, तीही त्याच कुळातली. कुस्तीत पट काढताना पैलवान पुढच्या गड्याच्या पायांत शिरतो, तेव्हा त्याचा एक गुडघा लाल मातीला जवळजवळ लागतो. म्हणजे ही हालचाल कोणी आपल्याला शिकवली असे मुळीच नाही. शिकवली गेली ती तिला मोजून, वेगळी काढून, रांगेत उभे राहून करण्याची पद्धत. आणि त्या पद्धतीचा जनक एक स्वीडिश माणूस होता.

त्याचे नाव पेर हेन्रिक लिंग. जन्म 1776, दक्षिण स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाच्या घरी. त्या खेड्याचे नाव ल्युंगा. लंज आणि ल्युंगा ऐकून कोणाला वाटेल, की शब्दाचे मूळ सापडले! पण तसे नाही हो, हा निव्वळ योगायोग. लिंग तरुणपणी बाहेर पडला, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे काही वर्षे राहिला. तिथे त्याने फ्रेंच शिक्षकांकडे तलवारबाजी शिकली. त्याचा हात सांधेदुखीने जायबंदी झाला होता. रोजच्या तलवारीच्या सरावाने तो हळूहळू सुटला, असे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्या एखाद्याने नशीब म्हणून सोडून दिले असते. लिंगने विचारले, हे झाले कशाने? कुठली हालचाल उपयोगी पडली आणि कुठली नाही?

1805 साली तो लुंड विद्यापीठात तलवारबाजीचा शिक्षक झाला. शिक्षकमंडळींनी इथे थोडे थांबावे. हा माणूस पोरांना तलवार शिकवून पगार घेऊन गप्प बसला नाही. तो त्याच विद्यापीठात शरीररचनेचा अभ्यास करू लागला. हाडे कुठे जोडली आहेत, स्नायू कुठून कुठे जातात, हे त्याने पाहिले, आणि मग तलवार बाजूला ठेवून तिच्यामागची हालचाल तेवढी उचलली. तलवारबाजीतल्या त्या लांब पावलाला स्वीडिश भाषेत 'ऊटफाल' म्हणतात, म्हणजे बाहेर पडणे. लिंगच्या व्यायामपद्धतीत हे ऊटफाल रिकाम्या हातांनी, आज्ञेवर, ठरल्या मापाने करायचे ठरले. हातात शस्त्र नाही, अंगावर वजन नाही, समोर शत्रू नाही. माणसाचे स्वतःचे वजन हेच साधन.

ह्यात देशाचाही प्रश्न होता. 1809 साली रशियाशी झालेल्या युद्धात स्वीडनने फिनलंड गमावला. राज्याचा एक तृतीयांश भाग एका तहात गेला. लिंग कवीही होता. जुन्या उत्तरेच्या वीरांवर त्याने लांबलचक काव्ये लिहिली. माझे मत विचाराल तर त्याची प्रतिष्ठा त्या काव्यांपेक्षा पायांच्या व्यायामानेच टिकली. हरलेला, लहान, गरीब देश पुन्हा उभा करायचा तर माणसे उभी केली पाहिजेत, अशी त्याची धारणा होती. त्याने सरकारकडे संस्थेसाठी मदत मागितली. पहिल्यांदा त्याला उत्तर मिळाले ते असे, की डोंबारी आणि दोरीवर चालणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी तिजोरी उघडायचे कारण नाही. असे निदान सांगतात तरी. पण 1813 मध्ये स्टॉकहोमला सरकारी मध्यवर्ती व्यायामसंस्था निघाली आणि लिंग तिचा प्रमुख झाला. डॉक्टर मंडळी बरीच वर्षे त्याच्यावर डोळे वटारून होती, कारण व्यायामाने रोग हटवण्याची भाषा तो करी, आणि ती कधीकधी अतिरेकाची असे. तरी 1831 साली स्वीडिश वैद्यकसंघाने त्याला सभासद करून घेतले. 1839 साली तो वारला.

त्याचा मुलगा यालमार लिंग ह्याने वडिलांचे विस्कळीत ज्ञान शाळेच्या तासात बसेल असे मांडले. आधी सोपे, मग अवघड. आधी सारे शरीर, मग एकेक भाग. रोजची यादी ठरलेली. एका मोकळ्या खोलीत किंवा अंगणात एक शिक्षक चाळीस-पन्नास मुलांना एकदम व्यायाम देऊ शकतो, आणि साहित्याला एक पैसा लागत नाही, ही गोष्ट तेव्हा फार मोठी होती. म्हणूनच ती पसरली. लंडनच्या शाळामंडळाने 1881 साली मार्टिना बर्गमन ह्या स्टॉकहोमच्या संस्थेत शिकलेल्या बाईंना मुलींच्या शाळांतील शारीरिक शिक्षणाचे काम दिले. त्यांनी शेकडो शिक्षिका तयार केल्या. मुलींनी पाय लांब टाकणे हे त्या काळच्या इंग्रज घरांतही असभ्य मानत, बरं का. आपल्याच आज्या तेवढ्या दबून होत्या असे समजू नये. पुढे 1909 साली इंग्लंडच्या शिक्षणखात्याने शाळांसाठी जो व्यायामाचा अभ्यासक्रम छापला, त्याचा पाया स्वीडिश पद्धतीचाच होता.

इंग्रजी अमलातून ही 'ड्रिल' आपल्या शाळांत आली. पण येताना वाटेत तिचे डोके हरवले. आली ती फक्त आज्ञा. पुष्कळ ठिकाणी ड्रिलमास्तर म्हणून पलटणीतला निवृत्त शिपाई नेमत. त्याला कवायत ठाऊक, शिस्त ठाऊक. कोणत्या हालचालीने कोणता स्नायू वाढतो आणि अशक्त पोराला काय द्यावे, हे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते. त्यामुळे 'हा परक्यांचा सांगाडा आहे, ह्यात ना रस ना रग' असा सूर आपल्याकडे उमटला तर नवल नाही. आपल्याजवळ जोर होते, बैठका होत्या, मल्लखांब होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा वैभव आणले, ते कोणा स्वीडिश संस्थेकडे बघून नव्हे. अमरावतीला 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम आणि खेळ जगाला दाखवले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. हा अभिमान खोटा नव्हता. फक्त 'देशी की विदेशी' ह्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली, की मांडीला भाषा कळत नाही.

ही गोष्ट कृतीने ओळखणारा एक माणूस मात्र सातारा भागात होता, औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी. जन्म 1868. तरुणपणी त्यांनी सँडोचा व्यायाम केला. सँडो म्हणजे युजेन सँडो, युरोपातला नामांकित बलवान; आपण बिनबाह्यांच्या बनियनला 'सँडो' म्हणतो ते त्याच्यावरूनच. त्याची पुस्तके आणि साहित्य मागवून पंतांनी दहाएक वर्षे तो व्यायाम नेमाने केला. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग जन्मभर सुटले नाहीत. औंध संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार लावले, त्यावर पुस्तके लिहिली, राणीसाहेबही नमस्कार घालीत. 1938 साली लंडनला त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले.

आता नमस्कारात काय आहे ते आठवा. ओणवे होऊन हात जमिनीला टेकले, की एक पाय मागे लांब जातो, त्याचा गुडघा आणि चवडा जमिनीला लागतो, दुसरे पाऊल दोन हातांच्या मध्ये, छाती पुढे, नजर वर. शेवटाकडे येताना तोच पाय पुन्हा पुढे. जिगान्तीची तलवार काढून घ्या, लिंगची आज्ञा काढून घ्या. खाली जे उरते त्याची ही जवळची बहीण आहे. मी असे म्हणत नाही, की पंतांनी ते स्वीडनकडून घेतले. नमस्काराची परंपरा आपल्याकडे त्यांच्याआधीची. आणि लिंग बिचाऱ्याला औंध कुठे ठाऊक असणार? माणसाच्या शरीराला वर यायच्या वाटा थोड्याच आहेत. वेगवेगळ्या देशांतली शहाणी माणसे त्याच वाटेवर येऊन भेटली, एवढेच. फरक सांगायचा तर नमस्कारात हातही भार घेतात, पाऊल-बैठकीत तो सगळा पायांवर राहतो.

1938 सालीच मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली आणि शिपायाच्या जागी शिकलेला व्यायामशिक्षक येऊ लागला. चांगले झाले. पण एक खोड शाळेतून गेली नाही, ती सांगतो. पाचवीत असताना पाढे चुकले म्हणून मला एका मास्तरांनी कान धरून पन्नास उठाबशा काढायला लावल्या. दोन दिवस घराची पायरी चढताना मांड्या थरथरत होत्या. दुखणे दोन दिवसांत गेले. व्यायामाचा राग मात्र वीस वर्षे राहिला. वास्तविक उठाबशा म्हणजे दुसरे काय? बैठकाच. तालमीत जी गोष्ट पोरगा अभिमानाने करतो, तीच आपण वर्गात शिक्षा म्हणून देतो, आणि वर तक्रार करतो की मुले व्यायाम करीत नाहीत. गुरुजींनो, बाईंनो, एवढे एक कराल का? शिक्षा म्हणून पायांचा व्यायाम देऊ नका.

आणि द्यायचा तेव्हा असा द्या. अंगणात मुले दीड हाताच्या अंतराने उभी करा. हात कमरेवर. उजवे पाऊल पुढे, नेहमीच्या पावलाच्या दुपटीइतके लांब. मागची टाच उचललेली, पुढची टाच मात्र जमिनीला घट्ट. आता अंग सरळ खाली न्यायचे. पुढे झोकायचे नाही. मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटांवर आला की पुरे, आपटायचा नाही. पुढचा गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने राहू द्या, आत कोसळू देऊ नका. मुली आणि कोवळी मुले ह्यांच्यात तो हमखास आत जातो, तेवढे बघा. मग पुढच्या टाचेने जमीन ढकलून परत जागेवर. नंतर डावा. सुरुवातीला एका पायावर पाच-सहा पुष्कळ झाले. तोल जात असेल तर पावले एका रेषेत पडताहेत का बघा. आगगाडीच्या रुळांवर उभे राहिल्यासारखी दोन पावलांत रुंदी हवी.

पूर्वी सांगत, की गुडघा बोटांच्या पुढे गेला की बिघडला. आज जाणकार तसे सरसकट म्हणत नाहीत. जिना उतरताना तो पुढे जातोच. मात्र ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतो, त्याने पाऊल पुढे टाकण्याऐवजी मागे टाकावे. गुडघ्यावर ताण कमी येतो. सूज असेल, सांध्याचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

शेतकरी म्हणेल, आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला ही थेरं? खरे आहे थोडेसे. भाताची लावणी करणारी बाई, धान्याचे पोते एका मांडीवर घेऊन पाठीवर टाकणारा हमाल, विहिरीच्या उंच पायऱ्या चढणारी पोर, ह्यांना मी व्यायाम शिकवायला गेलो तर तेच मला शिकवतील. पण नीट पाहा. लावणीची बाई तासन्‌तास कमरेतून वाकते. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू आणि नितंबाचा स्नायू, जे माणसाला वर उचलतात, त्यांना त्यात पुरेसे काम नसते. आणि आता तर पंप आला, ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, ओट्यावरचा गॅस आला, प्लॅस्टिकची खुर्ची दारादारांत आली. ह्यातली एकही वस्तू परत द्यावी असे मला वाटत नाही. चुलीपुढे बायकांनी पुन्हा बसावे, असे म्हणणाऱ्याने आधी आठ दिवस धूर खाऊन बघावा. पण ह्या सोयींनी दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठणे काढून घेतले, हेही खरे. वय वाढले की पायाचे स्नायू आपोआप झिजू लागतात. न वापरले तर लवकर. तोल सावरायला जो पाय चटकन पुढे पडायला हवा, तो पडत नाही. आणि मग न्हाणीत, उंबऱ्यात, ओट्याच्या कडेला म्हातारे माणूस कोसळते.

माझी आई तशीच पडली. चौऱ्याहत्तरावे वर्ष, मागच्या दारी, पाण्याची कळशी घेऊन. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण पुढचे चार महिने ती पलंग आणि खुर्ची एवढ्यातच होती. तिचे एकच म्हणणे, "मला देवापुढं खाली बसता येत नाही रे." आम्ही म्हणायचो, "आई, खुर्चीवर बसून पूजा कर, देव काही म्हणत नाही." ती गप्प राहायची.

मग तालुक्याच्या गावाहून व्यायामोपचार करणाऱ्या एक ताई येऊ लागल्या. ही विद्या जगात आली तीही स्टॉकहोमच्याच वाटेने. लिंगच्या संस्थेतून निघालेल्या व्यायामोपचारकांना स्वीडन सरकारने 1887 मध्ये अधिकृत मान्यता दिली होती. हे मला पुष्कळ नंतर, वाचताना कळले. डॉक्टरांना विचारूनच त्या ताईंनी आईला पलंगाचा कठडा धरून उभे केले आणि म्हणाल्या, "आजी, एक पाऊल पुढं. आता थोडंसं वाका. टाचेनं जमीन ढकला." पहिल्या दिवशी आई दोन बोटे वाकली. पंधरा दिवसांनी वीतभर. घरातले कोणीतरी नेहमी पाठीशी उभे असे. दोन महिन्यांनी खाली उशी ठेवून तिचा गुडघा उशीला टेकला. मग उशी गेली, पाट आला.

त्या वर्षी गौरी आल्या तेव्हा ती देवघरात पाटावर बसली. आरती झाल्यावर सगळ्यांचे हात पुढे आले. तिने ते बाजूला सारले, एक पाऊल पुढे रोवले, मांडीवर हात दाबला आणि वर येता येता सुनेला म्हणाली, "तबक धर गं, तेल सांडतंय."